प्रक्षेप्य गती कशी समजून घ्यावी आणि तिची उदाहरणे कशी सोडवावीत

अकरावीच्या भौतिकशास्त्रात प्रक्षेप्य गतीचे प्रकरण सुरू झाले की पहिल्याच तासाला तीन सूत्रे वहीत चौकट आखून लिहिली जातात: उड्डाणकाळाचे, महत्तम उंचीचे आणि पल्ल्याचे. पुढे कधीतरी गच्चीवरून फेकलेल्या चेंडूचे उदाहरण येते, विद्यार्थी त्याच चौकटीतल्या सूत्रांत आकडे भरतो, उत्तर चुकते, आणि हे प्रकरण अवघड आहे अशी त्याची समजूत होऊन बसते. वास्तविक या प्रकरणात नवे असे एकही सूत्र लागत नाही. शाळेत शिकलेली सरळ रेषेतील गतीची समीकरणे आणि थोडी त्रिकोणमिती एवढ्या भांडवलावर यातले प्रत्येक उदाहरण सुटते. मात्र त्यासाठी एक गोष्ट मनात पक्की बसावी लागते: फेकलेली वस्तू एकाच वेळी दोन गती करत असते, एक आडवी आणि एक उभी. या दोन्ही गती एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, आणि त्यांना जोडणारा दुवा एकच असतो, तो म्हणजे काळ.

आधी कोणत्या वस्तूला प्रक्षेप्य म्हणायचे ते ठरवू. हातातून, बॅटवरून किंवा नळीतून सुटल्यानंतर जिच्यावर केवळ गुरुत्वाकर्षणाचे बल काम करते, ती वस्तू प्रक्षेप्य होय. इंजिन चालू असलेले रॉकेट प्रक्षेप्य नाही, उडणारा पक्षी नाही आणि पतंगही नाही. त्यांच्यावर इतर बले सतत काम करत असतात. हवेचा रोध दुर्लक्षिता येण्याइतका कमी आहे, हेही आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कुठे चालते आणि कुठे चालत नाही, याचा विचार शेवटी करावाच लागेल, कारण पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख एका ओळीत आटोपलेला असतो.

दोन नाण्यांचा प्रयोग

दोन्ही गती स्वतंत्र आहेत हे वाचून पटत नाही, ते कानांनी ऐकावे. टेबलाच्या कडेवर एक पातळ फूटपट्टी अशी ठेवा, की तिचे टोक टेबलाबाहेर चार-पाच सेंटिमीटर डोकावेल. त्या टोकावर एक नाणे ठेवा. दुसरे नाणे टेबलावरच, अगदी कडेशी, पट्टीच्या बाजूला टेकवून ठेवा. पट्टीचे टेबलावरचे दूरचे टोक एका बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने पट्टीला कडेच्या नाण्याच्या दिशेने झटकन फटका मारा. पट्टी सरकताच तिच्यावरचे नाणे खालचा आधार गेल्याने जवळजवळ सरळ खाली पडते, आणि कडेचे नाणे धक्का लागून आडवे उडते. फरशीवर दोन्ही आपटल्याचा आवाज एकच येतो. फटका हळू मारा किंवा जोरात मारा, उडालेले नाणे जवळ पडेल किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाईल, पण आवाज एकच. सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक असता तरी कानाला दोन आवाज वेगळे कळले असते.

याचा हिशेब करून पाहू. टेबलाची उंची ८० सेंटिमीटर धरली, तर स्थिर अवस्थेतून पडायला लागणारा काळ = √(२ × उंची ÷ गुरुत्वत्वरण) = √(२ × ०.८ ÷ ९.८), म्हणजे सुमारे ०.४ सेकंद. या हिशेबात आडवा वेग कुठेही आलेला नाही. उडालेल्या नाण्याला सुरुवातीला उभा वेग मिळालेलाच नव्हता, म्हणून त्यालाही तेवढेच ०.४ सेकंद लागतात. आडवा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर ते तेवढ्या काळात ४० सेंटिमीटर दूर जाईल, आणि ३ मीटर असेल तर १.२ मीटर. नाणे किती वेळ हवेत राहील हे उभी गती ठरवते, आणि तेवढ्या वेळात ते किती दूर जाईल हे आडवी गती ठरवते. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

यामागचे कारणही सरळ आहे. गुरुत्वाकर्षण खाली ओढते, ते बाजूला ओढत नाही. आडव्या दिशेने कोणतेही बल नाही, म्हणून न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार आडवा वेग सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंत तसाच राहतो. उभ्या दिशेने मात्र दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद एवढा बदल खालच्या बाजूने होत राहतो.

हे समजायला माणसाला बराच काळ लागला. इटलीतील निकोलो टार्टालिया यांनी १५३७ मध्ये तोफगोळ्यांवर लिहिलेल्या ग्रंथात ४५ अंशांच्या कोनात पल्ला सर्वांत जास्त मिळतो हे सांगितले होते, पण गोळ्याचा मार्ग मात्र त्यांनी आधी तिरकी सरळ रेषा, मग वर्तुळाचा तुकडा आणि मग सरळ खाली पडणारी रेषा असा काढला होता. गॅलिलिओ यांनी एकसमान आडवी गती आणि त्वरणाने वाढणारी उभी गती यांचा मेळ घालून हा मार्ग अन्वस्त, म्हणजे पॅराबोला असतो, हे १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापलेल्या ग्रंथात सिद्ध केले. त्या वेळी ते इटलीत नजरकैदेत होते.

सरळ रेषेपासून वस्तू किती खाली आली ते पाहावे

अन्वस्ताचे समीकरण पाठ करण्याआधी तो वक्र एकदा आलेख कागदावर स्वतःच्या हाताने काढावा, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी एक चेंडू जमिनीवरून सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून सुटला असे मानू. साइन ३० म्हणजे ०.५ आणि कोसाइन ३० म्हणजे ०.८६६, त्यामुळे वेगाचा उभा घटक १० मीटर प्रति सेकंद आणि आडवा घटक १७.३ मीटर प्रति सेकंद येतो.

आता क्षणभर गुरुत्वाकर्षण नाही असे समजा. मग चेंडू ३० अंशांच्या सरळ रेषेत कायम पुढे जात राहील. ०.५ सेकंदाने तो ५ मीटर उंचीवर असेल, १ सेकंदाने १०, १.५ सेकंदाने १५ आणि २ सेकंदांनी २० मीटर उंचीवर. ही रेषा कागदावर तुटक काढा. त्यानंतर गुरुत्वाकर्षण परत आणा. तेवढ्याच काळात स्थिर अवस्थेतून सोडलेली वस्तू जेवढी खाली पडली असती, तेवढाच हा चेंडू त्या तुटक रेषेच्या खाली येतो. हे पडणे म्हणजे गुरुत्वत्वरणाची निमपट गुणिले काळाचा वर्ग, म्हणून अनुक्रमे १.२, ४.९, ११.० आणि १९.६ मीटर. वजाबाकी केली की चेंडूची खरी उंची मिळते: ३.८, ५.१, ४.० आणि ०.४ मीटर. त्या त्या क्षणी आडवे अंतर ८.७, १७.३, २६.० आणि ३४.६ मीटर असते. हे चार बिंदू आणि आरंभबिंदू जोडले की वक्र तयार होतो. पडण्याचे आकडे १, ४, ९, १६ या प्रमाणात आहेत, आडवी अंतरे १, २, ३, ४ या प्रमाणात आहेत, आणि एक राशी दुसरीच्या वर्गाप्रमाणे वाढते तेव्हा मिळणारा वक्र अन्वस्तच असतो.

या दृष्टीने पाहिले की एक जुने, विद्यार्थ्यांना गोंधळात पाडणारे उदाहरण आपोआप सुटते. झाडावरची कैरी गलोल धरलेल्या हातापासून आडव्या दिशेने १२ मीटर दूर आणि हाताच्या पातळीपेक्षा ९ मीटर उंच आहे. नेम थेट कैरीवर धरला आहे, आणि ज्या क्षणी खडा सुटतो त्याच क्षणी कैरीचे देठ तुटून ती खाली पडू लागते. खडा लागेल का? हातापासून कैरीपर्यंतचे तिरके अंतर १५ मीटर आहे. खड्याचा वेग सेकंदाला २० मीटर असेल, तर गुरुत्वाकर्षणाशिवाय तो ०.७५ सेकंदात कैरीच्या मूळ जागी पोहोचला असता. या ०.७५ सेकंदात खडा आपल्या रेषेपासून २.७६ मीटर खाली आलेला असतो, आणि कैरीही आपल्या जागेपासून २.७६ मीटरच खाली आलेली असते. त्यामुळे दोघांची गाठ पडते. वेग १५ मीटर प्रति सेकंद केला तर गाठ १ सेकंदाने, ४.९ मीटर खाली पडेल. खडा जितका मंद, तितकी ही गाठ खाली होते, पण चुकत नाही. फक्त कैरी जमिनीवर पडण्याआधी खडा तिथे पोहोचला पाहिजे. देठ तुटले नसते, तर मात्र थेट कैरीवर धरलेला नेम चुकलाच असता आणि खडा तिच्या खालून गेला असता.

उदाहरण सोडवण्याची रीत

कोणतेही उदाहरण आले तरी प्रथम आकृती काढावी, आरंभबिंदू कोणता ते ठरवावे आणि वरची दिशा धन मानावी. खालची धन मानली तरी उत्तर तेच येते, पण एकदा ठरवले की अर्ध्यात बदलू नये; सगळ्यांत जास्त गुण या ठिकाणी जातात असे मला वाटते. वेग किलोमीटर प्रति तासात दिला असेल तर त्याला ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंदात आणावा. त्यानंतर वेगाचे दोन घटक काढावेत. कोन क्षितिजापासून मोजलेला असेल तर उभ्या घटकाला साइन आणि आडव्याला कोसाइन. पण प्रश्नात कोन उभ्या रेषेपासून दिला असेल तर ही जोडी उलटते, म्हणून साइन म्हणजे नेहमी उभा असे पाठ न करता आकृतीतला त्रिकोण पाहून ठरवावे.

मग पानाच्या मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने करावेत. डाव्या रकान्यात आडवी गती लिहावी. तिथे त्वरण शून्य आहे आणि समीकरण एकच आहे: आडवे अंतर = आडवा वेग × काळ. उजव्या रकान्यात उभी गती लिहावी: सुरुवातीचा उभा वेग, त्वरण उणे ९.८, उंचीतला बदल, शेवटचा उभा वेग. परीक्षेत गुरुत्वत्वरण १० घ्या असे म्हटले असेल तर उणे १० लिहावे. डावीकडचा आकडा उजवीकडे किंवा उजवीकडचा डावीकडे कधीही जाऊ देऊ नये. रेघ ओलांडण्याची परवानगी फक्त काळाला आहे. बहुतेक उदाहरणांत उजव्या रकान्यातून काळ मिळतो आणि तो डावीकडे नेला की अंतर निघते. क्वचित उलट होते, म्हणजे अंतर दिलेले असते आणि काळ डावीकडून उजवीकडे न्यावा लागतो.

वरच्या चेंडूलाच ही रीत लावू. शिखरावर उभा वेग शून्य होतो, म्हणून वर जायला १० ÷ ९.८ = १.०२ सेकंद लागतात. सुटला त्याच पातळीवर परत यायचे असल्याने खाली यायलाही तेवढेच, म्हणजे एकूण उड्डाणकाळ २.०४ सेकंद. महत्तम उंची = १० चा वर्ग ÷ १९.६ = ५.१ मीटर. पल्ला = १७.३२ × २.०४ = सुमारे ३५.३ मीटर. चौकटीतली तिन्ही सूत्रे इथे न वापरताच मिळाली. ती सूत्रे म्हणजे हीच रीत एकदा अक्षरे घेऊन केलेली आहे, दुसरे काही नाही. आता कोन ६० अंश करून तेच गणित पुन्हा करा. उड्डाणकाळ ३.५३ सेकंद होईल, उंची १५.३ मीटर होईल, पण पल्ला पुन्हा ३५.३ मीटरच येईल. ४५ अंशांच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच अंतरावर असलेल्या कोनांना सारखा पल्ला मिळतो. एकात चेंडू थोडा वेळ हवेत राहतो पण भरभर पुढे सरकतो, दुसऱ्यात पुष्कळ वेळ राहतो पण सावकाश सरकतो.

पल्ल्याचे सूत्र कुठे फसवते

पल्ला = वेगाचा वर्ग × साइन (कोनाची दुप्पट) ÷ गुरुत्वत्वरण. हे सूत्र सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच ते नको तिथे वापरले जाते. वस्तू ज्या पातळीवरून सुटते त्याच पातळीवर परत येत असेल, तरच ते खरे असते. गोळाफेकीत गोळा खांद्याच्याही वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. तिथे हे सूत्र चालत नाही. किती चुकते, ते एका खऱ्या फेकीवर पाहू.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांनी ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ ४६, म्हणजे हाताला अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या गटाच्या गोळाफेकीत १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक मिळवले. गोळा त्यांच्या हातातून किती उंचीवरून आणि कोणत्या कोनात सुटला, याचे मोजलेले आकडे आपल्यापुढे नाहीत, म्हणून उंची २.१ मीटर आणि कोन ३७ अंश असे वाजवी आकडे मानू. ३७ अंशांचे साइन ०.६ आणि कोसाइन ०.८ येते, त्यामुळे गणित हाताने करता येते. प्रश्न असा: गोळा किती वेगाने सुटला असेल?

डाव्या रकान्यात: १६.३२ = ०.८ × वेग × काळ, म्हणून वेग × काळ = २०.४. उजव्या रकान्यात गोळा अखेरीस आरंभापेक्षा २.१ मीटर खाली आलेला आहे: −२.१ = ०.६ × वेग × काळ − ४.९ × काळाचा वर्ग. इथे वर्गसमीकरण सोडवण्याची घाई करू नये. वेग आणि काळ यांचा गुणाकार डावीकडून मिळालेलाच आहे; तो घातला की −२.१ = १२.२४ − ४.९ × काळाचा वर्ग, म्हणून काळाचा वर्ग २.९३ आणि काळ १.७१ सेकंद. वेग = २०.४ ÷ १.७१ = सुमारे ११.९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण ४३ किलोमीटर.

ताळा करून पाहू. उभा घटक ७.१५, म्हणून वर जायला ०.७३ सेकंद, शिखराची जमिनीपासून उंची २.१ + २.६१ = ४.७१ मीटर, तिथून खाली यायला ०.९८ सेकंद. बेरीज १.७१. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा काळ इथे सारखा नाही, हे लक्षात घ्यावे. आता हाच वेग आणि हाच कोन चौकटीतल्या पल्ल्याच्या सूत्रात घातला, तर उत्तर १३.९ मीटर येते. २.१ मीटर उंची विसरल्यामुळे जवळपास अडीच मीटर अंतर नाहीसे झाले.

याच उदाहरणात ४५ अंशांचा प्रश्नही निकाली काढता येतो. वेग आणि उंची तीच ठेवून कोन बदलत गेलो, तर ३७ अंशांना १६.३ मीटर, ४१ अंशांच्या थोडे पुढे सर्वाधिक, म्हणजे सुमारे १६.५ मीटर, आणि ४५ अंशांना १६.४ मीटर मिळतात. म्हणजे उंचावरून फेकताना सर्वोत्तम कोन ४५ पेक्षा कमी असतो, आणि त्याच्या आसपास कोन चार अंशांनी चुकला तरी नुकसान जेमतेम १५ सेंटिमीटरचे होते. उलट वेग शेकडा १ ने वाढला तर फेक २८ सेंटिमीटरच्या आसपास वाढते. प्रत्यक्षात गोळाफेकपटू ४१ पेक्षाही कमी कोन पसंत करतात, कारण जितका तिरपा वर फेकावा तितका हाताला गोळ्यास वेग देणे जड जाते. वेग गमावून कोन साधण्यात लाभ नाही, हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. पॅरिसमध्ये सुवर्णपदकाची फेक १६.३८ मीटर होती, फरक ६ सेंटिमीटरचा. आपल्या हिशेबात तो फरक सुटण्याच्या वेगातल्या सेकंदाला अवघ्या अडीच सेंटिमीटरच्या वाढीएवढा आहे.

वेग दिलेला असेल आणि काळ काढायचा असेल, तेव्हा मात्र वर्गसमीकरण टळत नाही, आणि त्याची दोन उत्तरे येतात. या गोळ्याच्या बाबतीत ती १.७१ आणि उणे ०.२५ सेकंद अशी येतील. ऋण उत्तर टाकून द्यायचे असते हे सगळ्यांना माहीत असते, पण त्याला अर्थ आहे. हाच वक्र मागे वाढवला तर तो हातात येण्याच्या ०.२५ सेकंद आधी जमिनीतून निघालेला दिसेल. समीकरणाला गोळा कोणी आणि कुठून फेकला हे ठाऊक नसते, म्हणून ते पूर्ण वक्राची दोन्ही टोके सांगते.

जिथे समज हमखास घसरते

शिखरावर वस्तूचा वेग शून्य असतो, हे वाक्य तोंडी परीक्षेत वारंवार ऐकू येते आणि ते चूक आहे. शून्य असतो तो फक्त उभा घटक. वरचा चेंडू शिखरावर सेकंदाला १७.३ मीटर वेगाने आडवा जात असतो. केवळ सरळ वर फेकलेली वस्तूच शिखरावर क्षणभर थांबते, कारण तिला आडवा वेग मुळातच नसतो. याचीच जोडचूक म्हणजे शिखरावर त्वरणही शून्य मानणे. तसे असते तर शिखरावर पोहोचलेला चेंडू त्याच पातळीवर सरळ पुढे जात राहिला असता. त्वरण पूर्ण प्रवासभर ९.८ आणि खालच्या दिशेनेच असते: वर जाताना ते वेग घटवते, खाली येताना वाढवते, शिखरावर फक्त दिशा वळवते.

दुसरा भ्रम जुना आहे, आणि टार्टालिया यांच्या आकृतीतही तोच दिसतो. फेकताना दिलेला जोर वस्तूत साठून राहतो, तो संपेपर्यंत ती पुढे जाते आणि संपला की पडते, असे मनाला वाटत राहते. त्यामुळे बलांची आकृती काढायला सांगितली की विद्यार्थी पुढच्या दिशेने एक बाण काढतात. हात सुटल्यावर हाताचे बल संपले. आकृतीत एकच बाण असला पाहिजे, खाली जाणारा, वस्तूच्या वजनाचा. पुढे जायला बल लागत नाही. वेग बदलायला लागते.

उत्तर आल्यावर ऊर्जेने ताळा करण्याची सवय लावून घ्यावी. जमिनीवर आपटतानाच्या वेगाचा वर्ग = सुटतानाच्या वेगाचा वर्ग + २ × गुरुत्वत्वरण × खाली आलेली उंची. गोळ्यासाठी हा वेग १३.५ मीटर प्रति सेकंद येतो, आणि आडवा ९.५४ व उभा ९.६१ या घटकांवरूनही तेवढाच येतो. या समीकरणात कोन कुठेच नाही, म्हणून कोनाच्या हिशेबात झालेली चूक इथे लगेच उघडी पडते.

हवा

पुरुषांच्या खुल्या गटातला गोळा ७.२६ किलोग्रॅमचा असतो. त्याचे वजन सुमारे ७१ न्यूटन, आणि सेकंदाला १२ मीटर वेगाने जाताना हवेचा रोध अर्ध्या न्यूटनच्या आसपास, म्हणजे शेकडा एकापेक्षाही कमी. अशा वस्तूला पाठ्यपुस्तकातली समीकरणे जवळजवळ जशीच्या तशी लागू पडतात, आणि म्हणूनच इथे गोळाफेक निवडली. क्रिकेटच्या चेंडूचे वजन दीड न्यूटनच्या थोडे वर असते. तो सेकंदाला ३० मीटर वेगाने उडाला तर रोध १ न्यूटनच्या घरात जातो. वजनाच्या निम्म्याहून अधिक बल उलट दिशेने असताना षटकाराचा मार्ग अन्वस्त राहत नाही: चढण लांबट, उतरण आखूड आणि जास्त खडी होते, आणि पल्ला गणितापेक्षा बराच कमी भरतो. बॅडमिंटनच्या फुलाला तर हे गणित मुळीच लावू नये. भालाफेकीत हवा भाल्याला उचलूनही धरते, त्यामुळे तेही उदाहरण या प्रकरणात बसत नाही, जरी अनेक प्रश्नसंचांत ते दिलेले असते.

हे सारे स्वतः मोजून पाहायचे असेल तर मोबाइल पुरतो. भिंतीवर एक मीटरची खूण करा, भिंतीला समांतर आणि तिच्या अगदी जवळून रबरी चेंडू तिरका वर फेकायला कोणाला तरी सांगा, आणि मोबाइल भिंतीसमोर चार-पाच मीटरवर, भिंतीशी काटकोनात, हलणार नाही असा ठेवून चित्रण करा. साध्या चित्रणात बहुधा सेकंदाला ३० चित्रे असतात, म्हणून दर तिसरे चित्र थांबवले की ०.१ सेकंदाचे अंतर मिळते. प्रत्येक थांब्यावर चेंडूची उंची आणि आडवे अंतर नोंदवा. सुरुवातीचा उभा वेग ५ मीटर प्रति सेकंद असेल तर लागोपाठच्या उंचींतले फरक ४५.१, ३५.३, २५.५, १५.७, ५.९ सेंटिमीटर असे यायला हवेत. प्रत्येक फरक आधीच्यापेक्षा ९.८ सेंटिमीटरने कमी. तुमचा आरंभवेग वेगळा असला तर फरक वेगळे येतील, पण ही ९.८ ची घट बदलणार नाही. मोजणीत एखाद-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच, त्यामुळे एका जोडीवर निष्कर्ष न काढता सगळ्या घटींची सरासरी घ्यावी. आडवी अंतरे मात्र सारखी असली पाहिजेत. ती पहिल्यापासूनच एकसारखी वाढत किंवा घटत गेली, तर चेंडू भिंतीला समांतर गेलेला नाही किंवा मोबाइल तिरका लागला आहे, तो सरळ करून पुन्हा चित्रण करावे. सगळे जुळल्यावर रबरी चेंडूच्या जागी कागदाचा बोळा घ्या आणि त्याच रकान्यांत त्याचे आकडे लिहा. त्याची आडवी अंतरे दर ०.१ सेकंदाला किती आखडत जातात, यावरून हवेचा वाटा थेट काढता येतो.